घरगुती यंत्रविचार : कुलूप, रुमाल आणि कुलवृत्तांत

मागील महिन्यांत आम्हीं घरांतील निरनिराळे संगणक एका जाळ्यांत जोडून सर्वांच्या उपयोगाचा एक सामायिक फोल्डर कसा ठेवावा, ह्याचें विवेचन केलें होतें. सामायिक हा शब्द आमच्या वाचकांस नवा नाहीं. सामायिक विहीर, सामायिक अंगण, सामायिक भिंत हीं ज्यांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीं आहेत, त्यांस हेंहि ठाऊक असतें कीं, भांडण पाण्यावरून क्वचित् होतें. तें बहुधा पाळीवरून होतें. सामायिक फोल्डराचीहि तीच गत आहे. एका वेळीं दोघांनीं एकाच फाइलीस हात घातला तर पाळी कोणाची, ती कोण ठरवितो, आणि ती चुकली म्हणजे काय हरवतें, हें ह्या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. विषय निवडण्यास एक खासगी प्रसंग कारण झाला. तो सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो. परंतु तो लपवून वाचकांस उपदेश करावा, इतकें धैर्य आमच्या अंगीं नाहीं.

आमच्या घरीं गेलीं दोन वर्षें कुलवृत्तांताचें काम चाललें आहे. घर तीन मजल्यांचें. खालीं वडील बंधूंचें बिऱ्हाड, मध्यें आमचें, वर धाकट्या चुलतबंधूंचें. चुली तीन झाल्या तरी देव एक आणि गणपति एक. तळमजल्यावरील माजघराच्या कोनाड्यांत साठवणुकीची एक लहानशी पेटी ठेविली आहे व तींत सर्वांचा सामायिक फोल्डर आहे. कुलवृत्तांतासाठीं पुरुषांचीं नांवें मिळण्यास फारसे सायास पडत नाहींत. सायास पडतात ते सुनांच्या माहेरच्या नांवांस. कारण जुन्या टिपणांतून त्या 'अमक्याची पत्नी' एवढ्याच असतात. आमच्या घराण्यांतील तीं नांवें एकट्या आत्याबाईंस ठाऊक, आणि आत्याबाईंस ८८ वें वर्ष चालू आहे.

एके दिवशीं दुपारीं त्यांस बोलण्याची लहर आली. आमच्या पुतणीस जवळ बसवून त्यांनीं तीन तास सांगितलें. कोणाची आजी कोणत्या गांवची, तिला माहेरीं काय म्हणत व सासरीं कोणतें नांव ठेविलें, पहिल्या बाळंतपणांत कोण गेली, केशवपनास कोणीं ठाम नकार दिला, असें सर्व एकामागून एक निघालें. पुतणीनें तें 'आठवणी' नांवाच्या साध्या मजकुराच्या फाइलींत टिपून घेतलें, जतन केलें आणि ती आपल्या क्लासास निघून गेली.

तीच फाइल आम्हीं त्या दिवशीं सकाळीं आमच्या मजल्यावर उघडली होती. एके ठिकाणीं एका शब्दाची वेलांटी ऱ्हस्व पडली होती, ती आम्हीं दीर्घ केली. जतन करण्याचें मात्र राहून गेलें. संध्याकाळीं चहा घेतां घेतां तें स्मरलें व आम्हीं कळ दाबली. संगणकानें कांहीं विचारलें नाहीं. आमची शुद्ध केलेली सकाळची प्रत सामायिक फोल्डरांत जाऊन बसली आणि आत्याबाईंचे तीन तास पुसले गेले. पेटी रोज मध्यरात्रीं राखीव प्रत घेते. परंतु त्या मध्यरात्रीं तिनें जी प्रत घेतली ती आमचीच, आणि त्यापूर्वींची होती ती आदल्या रात्रींची. एका वेलांटीसाठीं आम्हीं काय दिलें, हें दुसऱ्या दिवशीं सकाळीं पुतणीनें फाइल उघडली तेव्हां कळलें.

हें घडलें कसें? जमाखर्चाची जुनी वही घ्या. ती एकाच्या मांडीवर असली म्हणजे दुसऱ्याच्या मांडीवर नसते. पाळी राखण्याचें काम वही स्वतःच करिते. फाइल तशी नव्हे. बहुतेक आज्ञावल्या फाइल 'उघडतात' म्हणजे तिची नक्कल आपल्या यंत्राच्या स्मृतींत आणितात, आणि 'जतन' करितात म्हणजे ती नक्कल मूळ जागीं परत लिहितात. दोघांनीं एकाच वेळीं नक्कल नेली, तर जो मागाहून परत लिहील त्याचेंच लिहिणें राहतें. संगणकशास्त्रांत ह्या अपघातास 'हरवलेली दुरुस्ती' ह्या अर्थाचें नांव आहे. त्यांत यंत्र बिघडत नाहीं, तार तुटत नाहीं, कोणी लबाडी करीत नाहीं. दोन्ही माणसें आपापल्या जागीं बरोबर असतात. म्हणूनच हा अपघात लवकर ध्यानांत येत नाहीं. डच शास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा ह्यांनीं १९६५ सालीं, एकच वस्तु वापरणाऱ्या अनेक कामांपैकीं एका वेळीं एकासच आंत कसें सोडावें, ह्याचें उत्तर एका अगदीं लहान निबंधांत मांडलें. तेव्हांपासून आजवर हा प्रश्न संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून सुटलेला नाहीं.

त्या प्रश्नाचें व्यवहारांतील उत्तर म्हणजे कुलूप, अर्थात् लॉक. मायक्रोसॉफ्टच्या डॉसमध्यें ही सोय १९८४ सालच्या ३.० ह्या आवृत्तीबरोबर 'शेअर' नांवाच्या आज्ञेनें आली. त्याच सुमारास आय्. बी. एम्. मध्यें बॅरी फायगेनबॉम ह्यांनीं जाळ्यावरून फाइली मागण्याची जी भाषा रचिली, तिचेंच वाढलेलें रूप एस्. एम्. बी. ह्या नांवानें आज घरोघरीं चालतें. पुढें १९९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियांतील अँड्र्यू ट्रिजेल ह्यांनीं जी आज्ञावली लिहिली, ती सांबा ह्या नांवानें प्रसिद्ध झाली व तिच्यामुळें युनिक्स आणि लिनक्सवर चालणारीं यंत्रेंहि तीच भाषा बोलूं लागलीं. घरगुती साठवणुकीच्या पेट्यांतून बहुधा हीच आज्ञावली असते.

ह्या पद्धतींत फाइल उघडणाऱ्या आज्ञावलीस सर्व्हराला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. मला वाचावयाचें आहे कीं लिहावयाचें, ही पहिली. आणि मी आंत असेपर्यंत दुसऱ्यास काय करूं द्यावें, ही दुसरी. मागून येणाऱ्याची मागणी आधींच्याच्या अटींशीं जुळली तर दार उघडतें. न जुळली तर सर्व्हर त्यास परत पाठवितो. ह्याखेरीज फाइलीच्या ठराविक भागासच कुलूप लावण्याचीहि सोय आहे. एकाच फाइलींतील निरनिराळ्या नोंदींवर अनेकांस काम करितां यावें म्हणून अ‍ॅक्सेससारख्या आज्ञावल्या तिचा उपयोग करितात.

आणखी एक बारकावा सांगितला पाहिजे. फाइल एकाच यंत्रावर उघडी असली म्हणजे सर्व्हर त्या यंत्रास अशी सवलत देतो कीं, बदल तूर्त तुझ्याजवळच ठेव, काम लवकर होईल. दुसरा कोणी दाराशीं आला कीं सर्व्हर पहिल्यास सांगून पाठवितो, त्याच्या जवळचे बदल मागवून घेतो, आणि मगच दुसऱ्याचा विचार करितो. ही देवाणघेवाण चालू असतां मधला दुवा तुटला तर घोटाळा होऊं शकतो. सबब क्षणांत लागणाऱ्या व क्षणांत जाणाऱ्या वायफायवर बसून सामायिक फाइलींत मोठें लेखन करूं नये. शक्य तेथें तारेनें जोडावें.

एक्सेल व वर्ड ह्या आज्ञावल्या कुलूप आठवणीनें मागतात. शिवाय त्याच फोल्डरांत त्या एक लपलेली चिमुकली फाइल लिहून ठेवितात. तिच्या नांवाच्या आरंभीं एक नागमोडी रेघ व डॉलरचें चिन्ह असतें, आणि पोटांत उघडणाऱ्याचें नांव असतें. ही दारावरची पाटी होय. दुसरा कोणी आला कीं त्यास ती वाचून दाखविली जाते: फाइल अमक्याच्या हातीं आहे; तुम्हांस ती नुसती वाचावयाची आहे काय, कीं मोकळी झाल्यावर कळवूं? लिब्रेऑफिसहि अशीच पाटी लाविते. आमच्या घरांत ह्या संदेशाइतके शिव्याशाप दुसऱ्या कशासहि मिळाले नसतील. वडील बंधू घरखर्चाची फाइल उघडी टाकून भाजी आणावयास जातात, त्यामुळें पाटीवर हमखास त्यांचेंच नांव असतें. मुलांनीं त्या संदेशाचें नांवच 'खालचे काका' असें ठेविलें आहे.

'आठवणीं'स मात्र कुलूपहि नव्हतें व पाटीहि नव्हती. नोटपॅडसारखी साधी आज्ञावली फाइल क्षणभर उघडते, सर्व मजकूर उचलून घेते आणि लागलीच दार सोडून देते. मागून येणाऱ्यास आंत कोणी आहे ह्याचा मागमूसहि लागत नाहीं. जो संदेश आम्हांस एरवीं त्रास देई, तो त्या संध्याकाळीं एकदां आला असता, तर आम्ही कपाळास आठी घालून जिना उतरलों असतों आणि तीन तास वांचले असते. कुलूप अडवितें तेव्हां आपणांस राग येतो. पण ज्या दिवशीं खरोखर नुकसान झालें, त्या दिवशीं कोणींहि अडविलें नव्हतें.

येथें एक भेद समजून घेणें अवश्य आहे. एस्. टी. च्या खिडकींतून आसनावर रुमाल टाकून जागा धरण्याची चाल सर्वांस परिचित आहे. तो रुमाल कोणास अडवीत नाहीं. तो उचलून खुशाल बसतां येतें. ज्यांस तो संकेत मान्य आहे त्यांच्यापुरताच तो बळकट. न्हाणीघराची कडी निराळी. तिला बाहेरच्याच्या सौजन्याची गरज नाहीं. संगणकांतील कुलुपेंहि ह्या दोन जातींचीं असतात. विंडोजच्या पद्धतींत सर्व्हर स्वतः अडवितो, म्हणजे ती कडी होय. युनिक्सच्या परंपरेंत कुलूप बहुधा रुमालासारखें असतें: जी आज्ञावली आधीं विचारते तिला तें दिसतें, जी विचारीत नाहीं ती लिहून मोकळी होते. लिनक्समध्यें सक्तीच्या कुलुपांची एक जुनी सोय होती. परंतु ती भरंवशाची नव्हती व फारसें कोणी ती वापरीतहि नसे, म्हणून २०२१ सालच्या ५.१५ ह्या आवृत्तींत ती काढूनच टाकण्यांत आली. ह्याचा घरगुती परिणाम असा कीं, पेटी लिनक्सवर चालत असली आणि घरांतील कांहीं यंत्रें सांबाच्या दारानें व कांहीं एन्. एफ्. एस्. च्या दारानें त्याच फोल्डरांत शिरत असलीं, तर एका दाराची कडी दुसऱ्या दारानें येणाऱ्यास लागेलच असें नाहीं. एका फोल्डरास दार एकच ठेवावें.

आतां दुसरी बाजू. कडी आंतून लागली आहे आणि हांका मारल्या तरी उत्तर येत नाहीं, असा प्रसंगहि येतो. संगणक उघडा ठेवून माणूस गांवाला जातो, वीज जाते, लॅपटॉपचें झांकण मिटतें व सर्व्हरास तें लगेच कळत नाहीं. फाइलींची यादी दाखविणाऱ्या खिडकींत पूर्वदर्शनाचा भाग उघडा असला, तर फाइल कोणीं मुद्दाम न उघडतांहि धरली जाते. विषाणुरोधक व राखीव प्रत घेणाऱ्या आज्ञावल्याहि तिला कांहीं काळ अडवून बसतात. हरवलेल्या धारकाच्या ह्या अडचणीवर १९८९ सालीं कॅरी ग्रे व डेव्हिड चेरिटन ह्यांनीं एक तोड सुचविली. जाळ्यावरील फाइलींच्या नकला जुळत्या ठेवण्यासाठीं कायमचा हक्क न देतां मुदतीचा पट्टा द्यावा, असें त्यांचें म्हणणें. पट्टा मुदतींत नवा करून घेतला नाहीं तर तो आपोआप संपतो. परागंदा झालेल्या भाडेकऱ्यासाठीं घर अडून राहत नाहीं. एन्. एफ्. एस्. च्या चौथ्या आवृत्तींत हेंच तत्त्व आहे, व लिनक्सच्या सर्व्हरावर ही मुदत सामान्यतः ९० सेकंदांची असते. परंतु यंत्र चालू आहे, फाइल उघडी आहे, आणि माणूसच तेवढा भाजी आणावयास गेला आहे, अशा ठिकाणीं पट्टा नवा होतच राहतो. तेथें निर्णय माणसासच करावा लागतो.

तो निर्णय करण्याचा क्रम आम्ही आतां असा पाळितों. प्रथम पाटीवरील नांव वाचून त्या मनुष्यास प्रत्यक्ष विचारावें. फोन करावा, जिना उतरावा. बहुतेक वेळां कुलूप तेथेंच सुटतें. तो मनुष्य न सांपडल्यास सर्व्हरावर उघड्या फाइलींची यादी पाहावी. विंडोजच्या यंत्रावर 'कॉम्प्युटर मॅनेजमेंट' मध्यें 'शेअर्ड फोल्डर्स' ह्याखालीं 'ओपन फाइल्स' ही यादी असते. सांबावर 'एस्एमबीस्टेटस' ही आज्ञा तेंच काम करिते. त्यांवरून फाइल कोणाच्या नांवानें धरली गेली आहे तें कळतें. मग त्याच्या यंत्राशीं जाऊन जतन न केलेला मजकूर आहे कीं काय तें पाहावें, आणि असल्यास तो निराळ्या नांवानें जतन करावा. यादींतून फाइल बळेंच बंद करणें हा शेवटला उपाय होय. त्यायोगें आंतल्याचें न जतन केलेलें लिहिणें जाऊं शकतें, म्हणून त्यापूर्वीं आहे त्या फाइलीची एक प्रत बाजूस काढावी व कोणीं, केव्हां, कां बंद केली हें लिहून ठेवावें. कित्येक मंडळी ती लपलेली पाटी पुसून टाकितात आणि काम झालें असें समजतात. पाटी काढल्यानें कडी निघत नाहीं. यंत्र अकस्मात् बंद पडून मागें नुसती पाटीच राहिली असेल, तेव्हांच तो उपाय योग्य.

ह्याहून बरें म्हणजे पाळीची गरजच कमी करणें. आमचा सर्व कुलवृत्तांत पूर्वीं एकाच मोठ्या फाइलींत होता. आतां प्रत्येक शाखेची फाइल निराळी केली आहे. त्यामुळें दोघे एके जागीं भेटण्याचा प्रसंग क्वचितच येतो. पुष्कळांनीं लिहावयाचा मजकूर साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवणें आम्हीं बंद केलें. राखीव प्रत रात्रीं एकदां घेण्याऐवजीं तासातासानें घ्यावी, अशी पेटीस आज्ञा दिली. ड्रॉपबॉक्ससारख्या सेवा कुलूप न लावितां सर्वांच्या नकला जुळविण्याचा यत्न करितात, आणि न जुळल्यास दुसऱ्याची प्रत विसंगति दर्शविणाऱ्या नांवानें शेजारीं ठेवितात. त्यांत मजकूर राहतो. परंतु दोन्ही प्रती वाचून एक करण्याचें काम कोणींतरी करावें लागतें, आणि एकत्र कुटुंबांत 'कोणींतरी' म्हणजे बहुधा सूनबाईंनीं. गूगल डॉक्ससारख्या ठिकाणीं अनेकांस एकाच वेळीं एकाच पानावर लिहितां येतें. त्या जातीच्या लेखनाचें एक मूळ तत्त्व क्लॅरेन्स एलिस व सायमन गिब्ज ह्यांनीं १९८९ सालींच मांडलें होतें. तेथें एकाचीं अक्षरें दुसऱ्याच्या अक्षरांखालीं नकळत दडपलीं जात नाहींत. तथापि एका आजीचें नांव एकानें खोडून दुसरें लिहिलें, तर त्यांतील खरें कोणतें, हें तेंहि यंत्र सांगूं शकत नाहीं.

आतां आत्याबाईंकडे परत येतों. फाइल उघडून पाहिली त्याच सकाळीं आम्ही त्यांच्यापुढें जाऊन बसलों आणि घडलें तें सांगितलें. त्या क्षणभर आमच्याकडे पाहत राहिल्या. "अरे, लिहिण्याआधीं आंत कोणी आहे का म्हणून हांक तरी मारायची होतीस," एवढेंच त्या म्हणाल्या. मग त्यांनीं पुतणीस पुन्हां बोलाविलें. पुष्कळ नांवें परत आलीं. परंतु आदल्या दुपारचा तो ओघ कांहीं आला नाहीं. सहा नांवें राहिलीं. त्यांतील दोन पुतणीस अंधुक आठवत होतीं. पण तिची खात्री होईना, म्हणून तिनें तीं लिहिलीं नाहींत, व आम्हांसहि लिहूं दिलीं नाहींत. त्या सहा जणींच्या पुढें कुलवृत्तांतांत जागा कोरी आहे. 'अमक्याची पत्नी' असें लिहून ती भरण्याचा धीर आम्हांस झाला नाहीं.

हा लेख लिहितां लिहितां आज सकाळींच एक्सेलनें आम्हांस अडविलें. फाइल 'खालच्या काकां'च्या हातीं होती. आम्ही जिना उतरलों. बंधू महिन्याचा हिशेब मिळवीत बसले होते. त्यांनीं पांच मिनिटें थांबावयास सांगितलें आणि वहिनींनीं चहा दिला. ज्यांच्या घरीं सामायिक फोल्डर आहे, त्यांनीं आज रात्रींच एक लहानशी परीक्षा करून पाहावी. एक निकामी फाइल करून ती दोन यंत्रांवर एकाच वेळीं उघडावी, दोन्हीकडे वेगवेगळें कांहीं लिहावें आणि दोन्हीकडून जतन करावें. दुसऱ्या यंत्रानें अडविलें तर निश्चिंत असावें. न अडवितां त्यानें मुकाट्यानें लिहूं दिलें, तर तशा जातीच्या फाइलींत आपल्या घरचें काय काय ठेविलें आहे, ह्याची यादी सर्वांनीं एकत्र बसून करावी, आणि आपला अनुभव आम्हांस अवश्य कळवावा.